मिथ्रासची दीक्षा आज घेता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते फ्रँकफर्टला नोकरी करतात. व्हिडिओ बघता बघता मिथ्रास या रोमन देवाबद्दल त्यांचं कुतूहल वाढलं आणि आता एका ऑनलाइन गटानं पैसे घेऊन त्यांना 'सात पायऱ्यांची प्राचीन दीक्षा' देऊ केली आहे. ते विचारतात: हा धर्म अजून चालू आहे का? मिथ्रास म्हणजे आपला वेदातला मित्रच ना? नाताळची २५ डिसेंबर ही तारीख त्याचीच का? आणि या गटात जावं की नाही?

मी लंडनमध्ये प्रौढांना रोमन इतिहास शिकवते आणि बरीच वर्षं गट घेऊन मिथ्रासची देवळं दाखवत आले आहे. लंडन, उत्तर इंग्लंडातली हेड्रियनची भिंत, रोम, ऑस्टिया. अशा प्रत्येक गटात एखादी तरी व्यक्ती असते जिला इतिहासापलीकडचं काही हवं असतं. त्यामुळे तुमचा प्रश्न मला मुळीच विचित्र वाटत नाही, आणि उत्तर जरा लांबलं तरी नीट द्यावं असं वाटतं.

तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. मिथ्रासच्या उपासकांचा एकही धर्मग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. आपल्याकडे त्यांच्या खोल्या आहेत, शिल्पं आहेत, वेद्या आहेत, नवस फेडल्याचे शिलालेख आहेत, जेवणानंतर पुरलेली हाडंसुद्धा आहेत. नाहीत ते शब्द. दीक्षा देताना काय म्हणत, मिथ्रासनं बैल मारल्याची कथा कशी सांगत, मेल्यानंतर काय होतं असं मानत, यातलं काहीही त्यांच्या तोंडून आपल्याला कळत नाही. जे थोडं लिखित मिळतं ते बहुतेक बाहेरच्यांचं आहे: जस्टिन आणि टर्टुलियन हे ख्रिस्ती लेखक, जे या पंथाचे विरोधक होते, आणि पॉर्फिरी हा तत्त्वज्ञ, ज्याला त्यातून स्वतःचा सिद्धांत मांडायचा होता. म्हणून आज कुणी तुमच्या हातात 'मूळ दीक्षाविधी' ठेवला तर तो गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कुणीतरी रचलेला आहे, हे पक्कं धरून चाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस दिसू लागलेला हा पंथ चौथ्या शतकाच्या अखेरीस संपला. त्यानंतर गुरुशिष्य परंपरेनं तो कुठे टिकल्याचा काहीही पुरावा नाही.

आता रचलेला विधी म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणणार नाही. ते तुम्हाला काय हवंय यावर अवलंबून आहे. काहींना चार माणसांबरोबर बसून जेवायचं असतं, काहींना सूर्याकडे तोंड करून ध्यान करायचं असतं, काहींना आपल्या मुळांचा शोध घ्यायचा असतो, काहींना निव्वळ इतिहास. पहिल्या दोन्हींसाठी नव्यानं रचलेला विधी चालतो, फक्त तो नवा आहे हे करणाऱ्यांनी उघड सांगायला हवं. उरलेल्या दोन्हींसाठी तो निरुपयोगी आहे.

मी गटाला पहिल्यांदा खोली दाखवते, कारण सगळ्यात खात्रीची गोष्ट तीच. मिथ्रेयम म्हणजे लांबट, अंधारी, शक्यतो जमिनीखालची खोली. तिला गुहेचं रूप दिलेलं असतं. मधून अरुंद वाट, दोन्ही बाजूंना रुंद दगडी ओटे, आणि समोरच्या टोकाला बैल मारणारा मिथ्रास. ओट्यांवर आडवं टेकून जेवायचं, म्हणजे समोरासमोर मांडलेली पंगतच. बहुतेक खोल्यांत वीस ते चाळीस माणसं मावतात. गट वाढला की मोठं देऊळ बांधण्याऐवजी दुसरं छोटं बांधत. ऑस्टिया या एका बंदरातच अशी दीड डझनाच्या आसपास सापडली आहेत. मिरवणूक नाही, सार्वजनिक उत्सव नाही, जत्रा नाही. एकमेकांना नावानं ओळखणाऱ्या पुरुषांचा छोटा गट. बायकांना दीक्षा दिल्याचा एकही शिलालेख नाही.

हे 'सैनिकांचं गुप्त मंडळ' होतं ही कल्पना अर्धीच खरी. सीमेवर सैनिक होतेच. हेड्रियनच्या भिंतीजवळ कॅराबरा इथल्या मिथ्रेयमच्या तिन्ही वेद्या बटाव्हियन तुकडीच्या सेनापतींनी उभारल्या होत्या. पण आजच्या स्लोव्हेनियातल्या प्टुय इथे जकात खात्यातले गुलाम मिथ्रासला नवस फेडत होते, आणि रोम-ऑस्टियात मुक्त झालेले गुलाम आणि छोटे व्यापारी. सैनिकी प्रतिमा पक्की व्हायला आधुनिक साहित्याचाही हात लागला. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगनं १९०६ मध्ये मिथ्रासवर एका रोमन तुकडीच्या तोंडची कविता लिहिली, आणि इंग्रजी वाचकांच्या मनात तीच बसली.

ही माणसं कोण होती ते बघायचं तर ऑस्ट्रियात, जुन्या व्हिरुनम नगरात सापडलेला काशाचा पत्रा मला सगळ्यात बोलका वाटतो. इसवी सन १८३ मध्ये देऊळ दुरुस्त करणाऱ्या ३४ जणांची नावं त्यावर कोरली आहेत. पुढच्याच वर्षी साथ आली. पाच नावांपुढे मृत्यूची खूण आहे, आणि मृत्यूंमुळे सगळे एकत्र जमले असं पत्र्यावरच लिहिलंय. त्यानंतर दर वर्षी थोडी थोडी नवी नावं, वेगवेगळ्या हातांनी, उरलेल्या जागेत दाटीवाटीनं खोदत नेलेली. सात पायऱ्यांच्या गूढ अर्थाबद्दल पानंच्या पानं लिहिणाऱ्यांपेक्षा हा पत्रा या पंथाबद्दल जास्त सांगतो: माणसं यायची, मरायची, त्यांच्या जागी दुसरी यायची, आणि हिशेब ठेवला जायचा.

जेवणाचंही तसंच. बेल्जियममधल्या टीनन इथे देवळाजवळच्या खड्ड्यांत एकाच मोठ्या मेजवानीचा उष्टा-खरकटा पसारा सापडला. अडीचशेहून जास्त कोंबड्या, शिवाय कोकरं आणि डुकराची पिल्लं, आणि वापरून फेकलेली भांडी. पिल्लांच्या वयावरून ही मेजवानी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जूनअखेर-जुलैच्या सुमारास झाली असं ठरलं. एवढे लोक त्या गुहेत मावणं शक्य नव्हतं; म्हणजे कधीमधी गावजेवणही होत असणार. नुसत्या हाडांवरून इतकं कळतं, म्हणूनच शब्द नसले तरी मी निराश होत नाही.

आता सात पायऱ्या. त्या खऱ्या आहेत. जेरोम या ख्रिस्ती विद्वानानं एका पत्रात त्यांची यादी दिली आहे: कावळा, नवरदेव, सैनिक, सिंह, पर्शियन, सूर्यदूत आणि पिता. ऑस्टियातल्या फेलिसिसिमसच्या मिथ्रेयममध्ये जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांत शिडीसारखी नक्षी आहे, आणि प्रत्येक चौकोनात त्या त्या पायरीच्या खुणा. कावळ्याच्या चौकोनात पक्षी, पेला आणि बुधाचा दंड. सैनिकाच्या चौकोनात शिरस्त्राण, भाला आणि झोळी. सिंहाच्या चौकोनात निखारे उचलायचं फावडं, एक खुळखुळा आणि वज्र. सूर्यदूताला मशाल, चाबूक आणि किरणांचा मुकुट. पित्याला टोपी, काठी, विळा आणि अर्घ्याची थाळी. नक्षी करून घेणाऱ्या फेलिसिसिमसचं नाव तिथेच आहे. पण एका पायरीवरून दुसरीवर जाताना काय करत, किती वर्षं लागत, प्रत्येक गटात सातही पायऱ्या असत का, यातलं ती जमीन काही सांगत नाही. शिलालेखांत 'पिता' आणि 'सिंह' पुष्कळ भेटतात, बाकीच्या पायऱ्या क्वचित. तुमचा गट सात पायऱ्यांचा अभ्यासक्रम आणि प्रत्येकीचं शुल्क सांगतो, तेव्हा त्याच्या हातात पुरावा म्हणून ही जमीन आणि ती यादी एवढंच आहे.

मग आजचे विधी येतात कुठून? माझ्या पाहण्यात प्रामुख्यानं तीन ठिकाणांहून.

पहिलं ठिकाण म्हणजे फ्रान्झ क्युमाँ. या बेल्जियन विद्वानानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सगळी शिल्पं आणि लेख गोळा करून दोन प्रचंड खंड काढले. ते संकलन आजही अनमोल आहे. पण त्यानं अर्थ लावला तो इराणी ग्रंथांवरून: रोमन मिथ्रास म्हणजे रोमन वेषातला पर्शियन धर्म, असं गृहीत धरून. १९७१ मध्ये मँचेस्टरला मिथ्रास-अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि तिथे या गृहीतकावर जोरदार हल्ला झाला. नंतर रॉजर बेक, डेव्हिड युलान्सी अशांनी बैलवधाच्या शिल्पात आकाशाचा नकाशा बघितला: बैल म्हणजे वृषभ, विंचू म्हणजे वृश्चिक, कुत्रा, साप, कावळा हेही तारकासमूह. तपशिलात त्यांचं एकमत नाही, पण ज्योतिषाचा संबंध आहे हे बहुतेकांना पटतं. व्हिडिओंमध्ये मात्र क्युमाँचं चित्र अजून जसंच्या तसं फिरतंय.

दुसरं ठिकाण जास्त महत्त्वाचं, कारण तुमचा गट दीक्षेत एखादा 'मंत्र' देत असेल तर तो बहुधा तिथूनच आलाय. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जादूटोण्याचा एक मोठा ग्रीक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचं हस्तलिखित, आहे, इजिप्तमध्ये चौथ्या शतकात लिहिलेलं. त्यात एका भागात 'थोर देव हेलिओस मिथ्रास' असा उल्लेख येतो; हेलिओस म्हणजे ग्रीक सूर्यदेव. १९०३ मध्ये आल्ब्रेख्त डीटरिख यांनी तो भाग 'मिथ्रासचा पूजाविधी' म्हणून छापला आणि ते नाव चिकटलं. मजकूर विलक्षण आहे. सूर्यकिरणांतून जमेल तितका श्वास तीनदा ओढून घे, मग तू हलका होऊन वर उचलला जाशील, असं तो सांगतो. आज शोध घेणाऱ्याला हे का भुरळ घालतं ते मला चांगलं समजतं. पण बहुतेक अभ्यासक याला मिथ्रास-पंथाचा विधी मानत नाहीत. सुरुवातीलाच लेखक 'हे कन्ये' असं संबोधतो, आणि मिथ्रासच्या गुहांत दीक्षित बाई कुठे दिसतच नाही. शिवाय यात बैलवध नाही, गुहा नाही, सात पायऱ्या नाहीत, जेवण नाही.

तिसरं ठिकाण म्हणजे दुसऱ्याच देवतेकडून उचललेल्या गोष्टी. बैलाच्या रक्तानं स्नान करायचं, ही कल्पना सायबेली या मातृदेवतेच्या पंथाशी जोडलेली आहे, मिथ्रासशी नाही. आणि मिथ्रेयममध्ये बैल आणून मारणं अवघडच. बऱ्याच खोल्यांत तो दारातूनसुद्धा आत शिरणार नाही. रोममधल्या सांता प्रिस्का चर्चखाली भिंतीवर रंगवलेल्या ओळींत 'शाश्वत रक्त सांडून तू आम्हांला तारलंस' असं वाक्य आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. भिंतीवरची अक्षरं फार पुसट आहेत आणि नंतरच्या तपासणीत त्यातला 'शाश्वत' आणि आजूबाजूची अक्षरं खात्रीची ठरली नाहीत. एवढ्याशा ओळीवर तारणाचा आख्खा सिद्धांत उभा करणं मला पटत नाही.

तारखेचं लवकर आटोपते. मिथ्रासचा जन्म २५ डिसेंबरला झाला असं सांगणारा एकही प्राचीन मजकूर नाही. इसवी सन ३५४ च्या एका रोमन पंचांगात त्या दिवशी 'अजिंक्याचा जन्मदिन' अशी नोंद आहे. तो अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, ज्याचं मोठं देऊळ ऑरेलियन बादशहानं २७४ मध्ये बांधलं. मिथ्रासलाही 'अजिंक्य सूर्य' म्हणत, म्हणून गोंधळ होतो. तो कुमारिकेच्या पोटी जन्मला हेही खोटं. शिल्पांत तो खडकातून वर येतो, हातात सुरी आणि मशाल घेऊन. नाताळच्या तारखेचा वाद स्वतंत्र आहे, त्यात मिथ्रासला साक्षीला बोलवता येत नाही.

आता वैदिक मित्राबद्दल, कारण मराठी माणसाला खरी ओढ इथे असते. ही ओढ पोकळ नाही. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातलं ५९ वं सूक्त एकट्या मित्राचं आहे. इतरत्र तो बहुतेक वरुणाच्या जोडीनंच येतो. तुर्कस्तानात बोगाझक्योय इथे सापडलेल्या इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातल्या, हित्ती आणि मितान्नी या दोन राज्यांमधल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत. अवेस्तेत, म्हणजे पारशी धर्मग्रंथात, तो 'मिथ्र' होतो आणि त्याच्या नावाचा मोठा यश्त, म्हणजे स्तोत्र, आहे. करार पाळणारा, लबाडाला शिक्षा करणारा देव म्हणून तो भारत-इराणी काळापासून चालत आलाय, याबद्दल शंका नाही. रोमन उपासकही आपला देव पर्शियन आहे असंच समजत. त्याची टोपी, तुमानी, 'पर्शियन' नावाची पायरी हे त्याचेच पुरावे.

पण नाव आणि वेष प्रवास करून आले, तरी बाकीचं बरोबर आलं असं त्यावरून ठरत नाही. बैल मारणारा मिथ्र अवेस्तेत नाही. जमिनीखालची खोली, सात पायऱ्या, ओट्यांवरचं जेवण यातलं काही इराणात सापडलेलं नाही. सगळ्यात जुने पुरावे रोमन साम्राज्यातलेच आहेत. तैत्तिरीय संहितेत एक कथा आहे, ती मात्र मला फार आवडते. देव मित्राला म्हणतात, आपण सोमाला मारू. तो म्हणतो, मी सगळ्यांचा मित्र, मी मारणार नाही. शेवटी आपला सोम दुधात मिसळावा असा वर मागून तो तयार होतो, आणि 'मित्र असून क्रूर कर्म केलं' म्हणून जनावरं त्याच्यापासून दूर जातात. रोमन शिल्पात बैलाच्या मानेत सुरी खुपसताना मिथ्रास बहुतेक वेळा तोंड फिरवून मागे बघतो. हेर्मान लोमेल या जर्मन विद्वानानं या दोन्हींची सांगड घातली होती. वाचताना अंगावर काटा येतो, हे मी मान्य करते. तरीही मधली हजार वर्षं आणि हजारो मैल भरून काढणारा दुवा आपल्याकडे नाही, म्हणून वर्गात मी ही कथा सांगते ती शक्यता म्हणून, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून नाही.

आणि तुम्हाला अखंड चालत आलेला मिथ्रच हवा असेल, तर तो युरोपात शोधू नका. तो पारशी समाजात आहे. मुंबई-पुण्याच्या अग्यारींना 'दर-ए-मेहर' म्हणतात. पारशी महिन्याचा सोळावा दिवस आणि वर्षाचा सातवा महिना मेहेरचा, म्हणजे मिथ्रचाच. ती जिवंत माणसांची उपासना आहे, तिच्यात बाहेरच्यांना प्रवेश नाही, आणि रोमन गुहांशी तिची सरमिसळ केलेली त्यांना आवडत नाही. त्यांचं म्हणणं रास्त आहे.

एवढ्या सगळ्यानंतर गटाचा निर्णय सोपा होतो. त्यांना सरळ विचारा: विधीतलं कोणतं वाक्य कुठून घेतलंय, ते ओळीओळीनं दाखवाल का? प्रामाणिक गट लगेच सांगेल की हे पपायरसातलं, हे आमचं, ही कविता विसाव्या शतकातली. माझ्या ओळखीत असे लोक आहेत. ते महिन्यातून एकदा जमतात, एकत्र जेवतात, लॅटिन शिलालेख वाचतात आणि आपण नवं काही करतोय हे लपवत नाहीत. त्यांच्याबरोबर जेवायला मीही आनंदानं बसते. दुसरं विचारा: वरच्या पायरीचं शुल्क किती, आणि तिथे काय मिळणार हे आधी सांगता का? 'ते दीक्षितांनाच कळतं' असं उत्तर आलं आणि रक्कम पायरीगणिक चढत गेली तर पैसे देऊ नका. परंपरा अखंड असल्याचा दावा केला तर कागद मागा, कारण चौथ्या शतकानंतरचा एकही कागद असा दावा सिद्ध करत नाही. आणि घरच्यांपासून, मित्रांपासून गोष्टी लपवायला सांगितल्या तर तिथेच थांबा, मग देव कुठलाही असो.

लोकांची ही ओढ नवी नाही, हेही लक्षात ठेवा. सप्टेंबर १९५४ मध्ये लंडनच्या वॉलब्रुकला इमारतीचा पाया खणताना मिथ्रासचं संगमरवरी डोकं सापडलं, तेव्हा ते अवशेष बघायला हजारो लोक रांगा लावून उभे राहिले आणि विषय चर्चिल यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेला. तेच देऊळ २०१७ पासून मूळ जागेजवळ, रस्त्याच्या खाली सात मीटरवर बघायला मिळतं, विनामूल्य. तिथे अंधारात धुकं, प्रकाश आणि लॅटिन आवाज वापरून विधीचा भास निर्माण करतात. सुंदर करतात, पण तो आवाज आजच्या कलावंतांनी घडवलेला आहे, हे बघताना विसरू नका.

तुम्ही तर फ्रँकफर्टला आहात, म्हणजे या विषयाच्या अगदी दाराशी. शहराच्या उत्तरेचं हेडर्नहाइम म्हणजे रोमन निडा. तिथे एकाहून अधिक मिथ्रेयम सापडली. पुरातत्त्व संग्रहालय जुन्या कार्मेलाइट मठात आहे, तिथून सुरुवात करा. हेडर्नहाइमच्या मोठ्या शिल्पाची मागची बाजू मुद्दाम बघा, फोटोत का होईना. ते शिल्प फिरवता येत असे. पुढे बैल मारला जातो. मागे तो मेलेला पडलाय, आणि सूर्यदेव मिथ्रासला द्राक्षांचा घोस देतोय. जेवण सुरू होताना ते फिरवत असावेत असं मला वाटतं. मग एखाद्या शनिवारी डार्मस्टाटजवळच्या डीबुर्गला जा. तिथे १९२६ मध्ये सापडलेल्या शिल्पाच्या मधोमध मिथ्रास बैल मारत नाही, घोड्यावर बसून शिकार करतोय, आणि मागच्या बाजूला सूर्याचा रथ हाकू पाहणाऱ्या फाएथॉनची ग्रीक कथा आहे. एकाच प्रांतात, दोन गटांत, देवाची दोन वेगळी रूपं. जाण्याआधी संग्रहालयाच्या वेळा बघून घ्या, छोट्या गावांत त्या मर्यादित असतात. जाऊन आलात की गटानं तुमच्या प्रश्नांना काय उत्तर दिलं तेही इथे लिहा. त्यांनी दिलेला मजकूर टाकलात तर त्यातलं कोणतं वाक्य कुठून आलंय ते मी सांगू शकेन.